वार्धक्यातील मुखारोग्य आणि शरीरस्वास्थ्य : कार्यकारणसंबंधाची चिकित्सा

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्याने म्हातारपणी दात जाणे ही गोष्ट केस पिकण्याइतकीच स्वाभाविक मानली होती हे उघड आहे. वस्तुतः दात वयाने पडत नाहीत. ते किडीने पोखरले जातात, किंवा हिरड्या व दाताला धरून ठेवणारे हाड यांच्या विकाराने, ज्याला व्यवहारात पायोरिया म्हणतात त्याने, सैल होऊन जातात. वय वाढते तसा या रोगांना मिळालेला अवधी वाढतो, इतकाच वयाचा त्यात वाटा. याचे ठळक प्रमाण जपानने पुरविले आहे. १९८९ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालय आणि दंतवैद्यांची राष्ट्रीय संघटना यांनी ऐंशीव्या वर्षी माणसाचे स्वतःचे वीस दात शाबूत असावेत असे उद्दिष्ट देशापुढे ठेवले. त्या वेळी या कसोटीस उतरणारे वृद्ध दहांत एकही नव्हते. २०१६ च्या सर्वेक्षणात त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक झालेले आढळले. सत्तावीस वर्षांत एखाद्या राष्ट्राची प्रकृती बदलत नाही. बदलली ती राहणी, निगा आणि उपचार.

दात जाणे हा वयोधर्म नसून रोग आहे हे एकदा मान्य झाले म्हणजे पुढचा प्रश्न ओघानेच येतो : हा रोग तोंडापुरताच राहतो, की उर्वरित शरीरावरही त्याचा परिणाम होतो? ‘मुखाचे आरोग्य हा शरीराच्या आरोग्याचा आरसा’ अशा प्रकारची विधाने आज सर्वत्र आढळतात; परंतु अशा विधानांनी शास्त्रीय विचार फारसा पुढे जात नाही. संबंध आहे की नाही, हा प्रश्नच मुळात ढोबळ आहे. कोणत्या व्याधीशी संबंध आहे, तो कोणत्या मार्गाने घडतो, आणि तोंडावर उपचार केल्यास त्या व्याधीत फरक पडतो काय, असे तीन स्वतंत्र प्रश्न येथे आहेत. ते एकमेकांत मिसळल्याने काय होते, याचा धडा वैद्यकाच्या इतिहासात एकदा मिळून चुकला आहे.

बर्लिन येथे काम करणारा अमेरिकन दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर याने १८९१ मध्ये तोंड हे जंतुसंसर्गाचे केंद्र असू शकते असे प्रतिपादन केले. मिलर हा जंतुशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याच्या विधानांत संयम होता. पुढे १९०० मध्ये इंग्लंडमधील वैद्य विल्यम हंटर याने हाच विचार अधिक आवेशाने मांडला, आणि १९१० मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे मॅक्‌गिल विद्यापीठात केलेल्या भाषणात त्याने तत्कालीन दंतवैद्यकावर कठोर टीका केली. कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवून खालची घाण झाकली जाते आणि तिचे विष शरीरभर पसरते, असा त्याचा आक्षेप होता. त्या काळची कामे पाहता हा आक्षेप सर्वथा अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही. परंतु शिकागोचा फ्रँक बिलिंग्ज आणि त्याचे सहकारी यांनी पुढे त्यावर जो जंतुकेंद्राचा सिद्धान्त उभारला, त्यात सांधेदुखीपासून मूत्रपिंडाच्या विकारापर्यंत अनेक दुखण्यांचे मूळ दातांत अथवा गलग्रंथींत शोधले जाऊ लागले. उपाय सोपा होता : दात काढून टाकणे. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर मनोविकाराचे मूळही तेथेच आहे असे मानून रुग्णांचे दात सरसकट उपटविले.

या सिद्धान्ताची युक्ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. संधिवाताच्या रुग्णाचे तोंड तपासले तर त्यात किडके दात सापडत. कारण त्या वयाच्या बहुतेकांच्या तोंडात ते सापडतच. दात काढल्यावर काही रुग्णांना बरे वाटे. कारण संधिवात हा मुळातच चढउतार करणारा विकार आहे. ज्यांचे दात काढले नाहीत अशा तुल्य रुग्णांचे काय होते, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. रसेल सेसिल हा या मताचा एके काळचा पुरस्कर्ता, त्यानेच डी. मरे अँजेव्हाइन याच्यासह संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेऊन १९३८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि दात व गलग्रंथी काढल्याने बहुसंख्य रुग्णांना काहीही लाभ झाला नाही हे प्रांजळपणे नमूद केले. आपल्याच मताविरुद्ध असा पुरावा मांडणारे संशोधक विरळ. पुढील दोन वर्षांत इतरांनीही असेच निष्कर्ष काढले आणि सिद्धान्त मागे पडला. परंतु ज्यांचे दात गेले ते परत आले नाहीत. ऐन चाळिशी-पन्नाशीत निरोगी दातांना मुकलेले हे लोक आपले वार्धक्य कवळीवर कंठणार होते.

त्यानंतर जवळजवळ अर्धशतक हा विषय विद्वत्‌क्षेत्रात अप्रतिष्ठित राहिला. तो पुन्हा वर आला १९८९ मध्ये, फिनलंडमधून. किम्मो माट्टिला व त्याचे सहकारी यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रुग्णांची तुलना १०२ इतर व्यक्तींशी केली. वय, सामाजिक स्तर, धूम्रपान, रक्तातील स्निग्ध द्रव्ये, मधुमेह इत्यादींचा हिशेब केल्यानंतरही रुग्णांची तोंडे अधिक बिघडलेली आढळली. यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली. कल्पिलेला मार्ग असा : रोगट हिरड्यांतून जंतू व दाहजनक द्रव्ये सतत रक्तात मिसळतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आधीच चालू असलेल्या दाहास खतपाणी घालतात. यात अशक्य असे काही नाही. परंतु धूम्रपानाने हिरड्याही बिघडतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही. दारिद्र्यानेही दोन्ही बिघडतात. संख्याशास्त्राच्या साहाय्याने हे घटक वजा करता येतात खरे, पण पूर्णपणे कधीच नाही. महाराष्ट्रातील अभ्यासकाला यात मिश्रीचाही विचार करावा लागेल. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते; ग्रामीण भागातील अनेक वयस्क स्त्रिया ती वापरतात, आणि विचारले असता ‘तंबाखू खात नाही’ असे उत्तर देण्यात त्यांना काही खोटे वाटत नाही. प्रश्नावलीत मिश्रीचा स्वतंत्र रकाना नसेल, तर तंबाखूने केलेली हानी हिरड्यांच्या खात्यावर जमा होईल.

अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१२ मध्ये उपलब्ध पुराव्याचे परीक्षण करून जे मत दिले, ते या संदर्भात समतोल म्हणावे लागेल : हिरड्यांचा विकार व रक्तवाहिन्यांचा विकार यांत इतर घटकांपासून स्वतंत्र असा सहसंबंध दिसतो, परंतु एक दुसऱ्याचे कारण आहे, किंवा हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. हृदयाच्या बाबतीत एक मार्ग मात्र निःसंशय आहे. तोंडातील जंतू रक्तात जाऊन विकृत अथवा कृत्रिम झडपेवर ठाण मांडतात आणि अंतर्हृद्दाह उत्पन्न करतात. हा प्रकार घातक, पण विरळ आहे.

मधुमेहाचा प्रश्न अधिक उकललेला आहे, कारण तेथे दोन्ही दिशांनी पुरावा आहे. रक्तशर्करा अनियंत्रित असली की हिरड्यांचा विकार बळावतो, याविषयी आता वाद नाही. उलट दिशेने, हिरड्यांतील जुनाट दाह शरीरातील इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा आणतो असा तर्क आहे, आणि हा तर्क प्रयोगाने तपासता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ५१४ रुग्णांच्या प्रयोगात हिरड्या साफ केल्याने रक्तशर्करेत काहीच सुधारणा झाली नाही. तथापि उपलब्ध ३५ प्रयोगांचे कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये एकत्रित परीक्षण केले, तेव्हा उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी हिमोग्लोबिनाशी संयोग पावलेल्या शर्करेचे प्रमाण, ज्याला रुग्ण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, सरासरीने ०.४३ इतक्या टक्केबिंदूंनी उतरल्याचे दिसले. म्हणजे आठ टक्क्यांचे साडेसातच्या आसपास. हा लाभ लहान आहे, पण औषधांची संख्या आधीच वाढलेल्या वृद्धाच्या दृष्टीने तो नगण्य नव्हे.

आतापर्यंतच्या विवेचनात रोग रक्तावाटे पसरतो असे गृहीत होते. वृद्धांच्या बाबतीत मात्र सर्वांत महत्त्वाचा मार्ग रक्ताचा नाही. तो तोंडातून थेट फुप्फुसात जाणारा आहे, आणि त्याकडे संशोधकांचे लक्ष सर्वांत उशिरा गेले.

गाढ झोपेत घशातील स्रावाचा अत्यल्प अंश श्वासनलिकेत ओघळणे ही रोगाची खूण नव्हे. निरोगी माणसांवर केलेल्या निरीक्षणांत सुमारे निम्म्या व्यक्तींत असे घडताना आढळले आहे. तरुणाच्या बाबतीत त्याचे काही बिघडत नाही. खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि फुप्फुसाची संरक्षक यंत्रणा तो अंश बाहेर टाकते अथवा निकामी करते. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचे गिळणे मंदावते, ठसका लागत नाही, आणि ओघळणारा अंश वाढतो. तरीही केवळ गिळण्यातील दोषाने न्यूमोनियाचा उलगडा होत नाही, हे सुझन लँगमोर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये दाखविले. त्यांनी १८९ वृद्धांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. न्यूमोनिया कोणाला होईल याची चाहूल देणाऱ्या बाबींत अग्रभागी आढळल्या त्या अशा : दुसऱ्याने भरवावे लागणे, तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे, आणि किडक्या दातांची संख्या. थोडक्यात, काय ओघळते हा प्रश्न किती ओघळते या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरला. न घासलेल्या दातांवर, जिभेवर आणि कवळीवर साचणाऱ्या चिकट थरात, विशेषतः आजारी व परावलंबी माणसांत, फुप्फुसात रोग उत्पन्न करणारे जंतूही वस्ती करतात. नळीने अन्न दिल्या जाणाऱ्या रुग्णाचे तोंड तर सर्वांत दुर्लक्षित; तो तोंडाने काही खातच नाही, मग तोंड कशाला धुवायचे, असा विचार केला जातो. प्रत्यक्षात चावणे व लाळ यांनी होणारी स्वाभाविक स्वच्छता थांबल्यामुळे तेच तोंड अधिक घाण होते.

मार्ग दिसला, पण तोंड स्वच्छ केल्याने न्यूमोनिया टळतो काय? या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर पुन्हा जपानमधून आले. ताकेयोशी योनेयामा व त्यांचे सहकारी यांनी ११ शुश्रूषागृहांतील वृद्धांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गट केले. एका गटातील वृद्धांचे दात सेवक प्रत्येक जेवणानंतर सुमारे पाच मिनिटे ब्रशने घासत, जरूर तर पोव्हिडोन आयोडीनने घसा पुसत, आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्य किंवा त्याचा साहाय्यक येऊन काम पाही. दुसऱ्या गटात नेहमीची व्यवस्था चालू राहिली. दोन वर्षांत नेहमीच्या व्यवस्थेतील १८२ पैकी ३४ जणांना न्यूमोनिया झाला. निगा घेतलेल्या १८४ पैकी २१ जणांना. म्हणजे शेकडा १९ आणि शेकडा ११. या आकड्यांचा हिशेब केला तर सुमारे चौदा वृद्धांची दोन वर्षे अशी निगा राखल्यास एकाचा न्यूमोनिया टळतो असे निघते. विशेष म्हणजे हा लाभ बोळक्या तोंडाच्या वृद्धांनाही मिळाला. दातच नाहीत तर घासायचे काय, या सर्वपरिचित प्रश्नाला २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग पुरेसे उत्तर देतो.

येथेच थांबता आले असते तर विषय सोपा झाला असता. परंतु अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ३६ शुश्रूषागृहांतील ८३४ वृद्धांवर असाच प्रयोग झाला. दात व हिरड्या घासणे, दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनने तोंड स्वच्छ करणे आणि बसवून भरवणे, अशी तिहेरी योजना त्यात होती. काहीही लाभ दिसेना म्हणून तो मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्याचा वृत्तान्त २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्थ कॅरोलायनातील १४ शुश्रूषागृहांत २,१५२ वृद्धांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिल्या वर्षी न्यूमोनियाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, पण दोन वर्षांच्या अखेरीस तो फरक टिकला नाही. दुसरीकडे, रुग्णालयांतील १५ प्रयोगांचे २०२४ मध्ये जे समालोचन झाले, त्यात ब्रशने दात घासल्याने रुग्णालयात उद्भवणारा न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे आढळले. तेथील रुग्ण मात्र बहुतांशी कृत्रिम श्वसनावर असलेले होते, आणि सर्व वृद्ध नव्हते.

हे परस्परविरुद्ध निष्कर्ष कसे लावावेत? एक अर्थ असा की जपानी निष्कर्ष काहीसा अतिरंजित होता. सेवकांना कोणता वृद्ध कोणत्या गटात आहे हे माहीत असल्याने त्यांची एकंदर शुश्रूषाच सुधारली असणे शक्य आहे. दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. औषधाची गोळी सर्वत्र सारखीच असते. ‘तोंडाची निगा’ ही वस्तू तशी नाही. ती देणारा हात, त्याला मिळालेला वेळ आणि त्याच्यावरील देखरेख यांनुसार ती बदलते. जपानमध्ये दर आठवड्यास पाहणी करणारा कोणीतरी होता. नॉर्थ कॅरोलायनात पहिल्या वर्षीचा उत्साह दुसऱ्या वर्षी टिकविणे कठीण गेले, असे तेथील संशोधकांचेही म्हणणे आहे. ज्याने शुश्रूषागृहातील सकाळची घाई पाहिली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध तोंड घट्ट मिटून घेतो, चावतो, हात झटकतो. अंघोळ राहिली तर दिसते, तोंड राहिले तर दिसत नाही.

मुखाचा शरीरावरील परिणाम जितका चर्चिला जातो, तितका शरीराचा, आणि विशेषतः औषधांचा, मुखावरील परिणाम चर्चिला जात नाही. म्हातारपणी तोंड कोरडे पडते ही समजूतही दात पडण्याच्या समजुतीसारखीच अर्धसत्य आहे. निरोगी वृद्धाच्या लाळेत वयामुळे होणारी घट मर्यादित असते. तोंड कोरडे पडण्याचे सर्वसाधारण कारण म्हणजे औषधे. खिन्नतेवरील, अ‍ॅलर्जीवरील, वारंवार लघवी होण्यावरील अशी कित्येक औषधे लाळ आटवतात, आणि एकाच वृद्धाला त्यांतील दोन-तीन चालू असतात. लाळ आम्लाचा प्रभाव कमी करते, दातांना खनिजे पुरवते, घास ओला करते. ती आटली की हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. मुळाचा पृष्ठभाग दाताच्या बाह्य कवचापेक्षा सौम्य आम्लानेही विरघळतो. कोरड्या तोंडाला ओलावा यावा म्हणून वृद्ध मनुष्य खडीसाखर किंवा गोळी चघळतो, आणि किडीला आयतेच खाद्य मिळते. हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधांनी, त्यांतही कर्करोगात शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेल्यांनी, दात काढल्यानंतर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून ज्ञात आहे. त्यामुळे अशी औषधे सुरू करण्यापूर्वीच दंततपासणी उरकणे हिताचे असते. परंतु औषध लिहिणारा आणि दात पाहणारा यांची शिक्षणसंस्था, परिषद आणि केसपेपर सारेच निरनिराळे. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे पहिले दंतमहाविद्यालय निघाले तेव्हापासून ही फारकत आहे. भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने तिला कायद्याचे रूप दिले.

चर्वण आणि पोषण यांचा संबंध स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करणे पुरे की ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या आहाराची जी राष्ट्रीय पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत दात नसलेल्यांच्या आहारात फळे, भाज्या, तंतू व क जीवनसत्त्व कमी आढळले; आणि नुसती कवळी बसविल्याने आहार सुधारतोच असे नाही, हेही इतर अभ्यासांनी दाखविले आहे. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, पेरू, कच्ची काकडी यांची जागा मऊ भात आणि चहात बुडविलेले बिस्किट घेते, तेव्हा घरातील माणसांना त्यात चिंतेचे काही दिसत नाही. आजोबांचे खाणे हलके झाले, असेच म्हटले जाते.

वर उल्लेखिलेले न्यूमोनियाविषयीचे प्रयोग संस्थांत झालेले आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वृद्ध घरी राहतात. त्यांची निगा पत्नी, सून, मुलगी किंवा पगारी बाई राखते. म्हणून टोकियो येथे घरी राहणाऱ्या, वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या ५२४ वृद्धांचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो येथे विशेष उपयोगाचा आहे. त्यांपैकी ४५३ जण कवळी वापरीत, आणि त्या कवळी वापरणाऱ्यांतील दर दहांमागे सुमारे चौघे ती रात्रीही तोंडात ठेवीत. तीन वर्षांच्या निरीक्षणात अशा वृद्धांना न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा किंवा रुग्णालयात जावे लागण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला; त्यांच्या जिभेवरील व कवळीवरील थरही अधिक होता. हाही शेवटी सहसंबंधच आहे, आणि सेसिलच्या काळानंतर अशा पुराव्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. परंतु १९१० च्या सुमारास ज्या पुराव्यावरून दात उपटले गेले, त्याच दर्जाच्या पुराव्यावरून रात्री कवळी काढून ठेवण्यास सांगणे यात फरक आहे : पहिल्यात चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही, दुसऱ्यात काहीच जात नाही. कवळी झोपण्यापूर्वी काढावी, ब्रशने आतून-बाहेरून घासावी आणि सकाळपर्यंत स्वच्छ पाण्यात ठेवावी. हिरड्या, टाळू व जीभ ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात. अंथरुणास खिळलेल्या माणसाचे तोंड धुताना त्याला उशीला टेकवून अर्धवट बसते करावे, मान किंचित पुढे झुकवावी आणि पाणी अगदी थोडे वापरावे. उताणे निजवून तोंडात पाणी ओतल्यास जे टाळायचे तेच घडते.